बेचाळीस डबे आणि मी

तपासणीच्या दिवशी मेट्रन बाईंनी दोन गोष्टी कपड्यांच्या खोलीत लपवल्या. एक, पावडरच्या दुधाचे बेचाळीस डबे. दुसरी, मी.

डब्यांचं कारण सरळ होतं. बाळंतिणींना आपल्या बाळांना अंगावर पाजायला रुग्णालय किती हातभार लावतं, हे मोजायला बाहेरून एक बाई येणार होत्या. शंभरपैकी ऐंशी गुण पडले तर दारावर ठोकायला पितळेची पाटी मिळणार. वॉर्डात एक डबा दिसला, एक बाटली दिसली, की गुण कापणार. रस्त्यापलीकडच्या रुग्णालयाला ती पाटी दोन वर्षांपूर्वीच मिळाली होती, आणि आमच्या मोठ्या डॉक्टरांना ती रोज गाडी लावताना दिसायची. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

माझं कारण त्याहून सरळ. मी बाळंतिणींना हात लावते.

मी डॉक्टर नाही, सिस्टर नाही, आयासुद्धा नाही. मी फरशी पुसते. तेही ठेकेदाराची माणूस म्हणून. रुग्णालयाच्या हजेरीपटावर माझं नाव नाही. एकोणीस वर्षं झाली. आवाज मोठा म्हणून सगळ्या मला फौजदार म्हणतात. वर्षापूर्वी मोठ्या डॉक्टरांनी मला एका बाळंतिणीच्या उशाशी पाहिलं, तिचं बाळ तिच्या छातीशी नीट लावून देताना. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने कागद पुढे केला: सफाई कामगाराने रुग्णाला हात लावल्यास त्याच दिवशी काम बंद. मी सही केली. आणि हात लावत राहिले, फक्त आधी दाराकडे बघून.

फरशी पुसणारीला यातलं काय कळतं? विचारा. सगळेच विचारतात.

डॉक्टर बाळाकडे वरून बघतात. सिस्टर वरून बघते. सासू वरून बघते आणि वरून बोलतेही. वरून काय दिसतं? बाळाची टाळू. तोंड दिसत नाही. मी उकिडवी बसून, फडका घेऊन, खाटेखालून सरकत जाते. माझं डोकं बरोबर खाटेच्या काठाशी येतं. तिथून बाळाचं तोंड समोर दिसतं. हनुवटी छातीला टेकलीय की लोंबतेय, खालचा ओठ बाहेर वळलाय की आत दुमडलाय, घोट जातोय की नुसतं चोखणं चाललंय, सगळं. एकोणीस वर्षं, वीस खाटा, दिवसाला दोन फेऱ्या. एवढी बाळांची तोंडं मोठ्या डॉक्टरांनी सात जन्मांत पाहिली नसतील. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळीचं तोंड दिसत नाही, बस्स.

आणि माझी पहिली मुलगी. याच वॉर्डात झाली, खाट अकरा. तिसऱ्या दिवशी मला सांगितलं, तुला दूध नाही, आणि हातात डबा दिला. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून आम्ही पावडर पातळ करायचो. पाणी मिळेल तसलं. ती साडेतीन महिन्यांची झाली. चार महिन्यांची झाली नाही. मला दूध होतं. छाती ठणकत होती, कपडे भिजत होते, आणि मला सांगितलं होतं की दूध नाही. ते खोटं आहे असं सांगणारं एक माणूस त्या वॉर्डात नव्हतं.

म्हणून मी हात लावते. कागदावर सही करून लावते.

तपासणीआधीचे तीन दिवस वॉर्डात नुसता तमाशा चालला होता. आईच्या दुधाचे फायदे सांगणारे फलक लागले. भिंतीवरचं घड्याळ पावडर कंपनीने भेट दिलेलं, त्यावर कंपनीचं गुबगुबीत हसरं बाळ. छोट्या सिस्टरने त्याच्या तोंडावर मलमपट्टीची चिकटपट्टी लावली. डोळे तेवढे वरून टुकूटुकू बघत राहिले. मग मेट्रन बाईंनी बाळंतिणींची शाळा घेतली.

"जन्मल्यावर बाळाला कधी पाजलं?"

"पहिल्या तासात!" वीस खाटांवरून एका सुरात.

"पण बाई, माझं बाळ तर मला दुसऱ्या दिवशी दिलं," खाट चारवरची म्हणाली. तिचं पोट फाडून मूल काढलं होतं.

"ते आठवायची गरज नाही."

"टाके दुखतात तेव्हा आठवतं हो."

सगळा वॉर्ड हसला. मेट्रन बाई हसल्या नाहीत. वाईट बाई नाही ती. तीस वर्षं नोकरी, दोन गुडघे निकामी, आणि पाटी आली नाही तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार हे तिला पक्कं ठाऊक. माझ्या हाताकडे तिने वर्षभर डोळेझाक केली होती. पण तपासणीत सफाईवाली बाळंतिणीच्या छातीला हात लावताना दिसली, तर रुग्णालयाचं हसं होणार.

"दोन दिवस कपड्यांच्या खोलीत चादरी घड्या घालायच्या," ती मला म्हणाली. "वॉर्डात पाऊल नाही. साहेबांनी बजावलंय. दिसलीस तर करार बंद, आणि या वेळी मी मध्ये पडू शकणार नाही."

त्या दुपारी छोटी सिस्टर माझ्याजवळ आली. चार महिन्यांपूर्वी लागलेली पोर. मनाने चांगली, पण सावलीलाही दचकणारी.

"फौजदार मावशी, मला बाहुलीवर दाखवायला सांगितलं तर? बाळ कसं धरायचं ते?"

"दाखव की."

"येत नाही हो. पुस्तकातलं चित्रसुद्धा वरून काढलंय."

नवऱ्याला घरी सगळं सांगितलं. तो शिलाई मशीनवर बसला होता. "दोन दिवस तोंडाला टाके घालून देऊ का? दोरा आहे भरपूर."

"तोंडाला घाला. हातांचं काय करता?"

त्याने मशीन थांबवलं. पहिल्या पोरीचं झबलं त्यानेच शिवलं होतं, हे तो कधी बोलत नाही. "हातांचं तू बघ," म्हणाला, आणि पुन्हा पाय मारायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी नेहमीची फरशी पुसून घेतली, शेवटची फेरी म्हणून जरा जास्तच सावकाश. खाट सातपाशी थांबले. एकवीस-बावीसची पोर, पहिलटकरीण, तिसरा दिवस. डोळे रडून लाल. बाळ छातीशी नेलं की झटके देऊन तोंड फिरवत होतं.

"दूधच नाही मला," ती म्हणाली.

मी खालून पाहिलं. दोन्ही छात्या ताणून चकाकत होत्या, दगडासारख्या. दूध नाही म्हणे! एवढं होतं की बाळाला पकडायला जागा उरली नव्हती. मी फडका खाली ठेवला, तेवढ्यात दारातून मेट्रन बाईंचा आवाज आला: "फौजदार! खोलीत!"

गेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी सांगितलेलं निमूट ऐकलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

कपड्यांच्या खोलीत खुर्ची नाही. मी डब्यांच्या रचलेल्या थप्पीवरच बसले. दाराला आडव्या पट्ट्या आहेत, फटींतून निम्मा वॉर्ड दिसतो आणि अख्खा ऐकू येतो. ज्यांच्यामुळे पोरं अंगावरून तुटतात ते डबे, आणि त्यांना परत अंगावर लावणारी मी, दोघंही एकाच खोलीत, एकाच कुलपाच्या लायकीचे. रागाने माझ्या चादरीच्या घड्या वाकड्या येत होत्या.

नऊ वाजता तपासणीवाल्या बाई आल्या. मला वाटलं होतं मोटारभर माणसं येतील. एकट्याच. पन्नाशीच्या, जाड चष्मा, सपाट चपला, खांद्याला कापडी पिशवी. मोठे डॉक्टर त्यांच्या बाजूने असे चालत होते की जणू वॉर्ड त्यांनी स्वतः पुसलाय.

चष्मेवाल्या बाई खाट चारपाशी बसल्या. "बाळाला पहिल्यांदा कधी पाजलंत?"

"पहिल्या तासात."

"छान. ऑपरेशन होतं ना? शुद्ध कधी आली?"

"संध्याकाळी."

"आणि बाळ?"

"बाळ दुसऱ्या दिवशी दिलं." खाट चारने जीभ चावली. मग म्हणाली, "मला ते आठवायचं नाही असं सांगितलंय."

मी तोंडात चादरीचा कोपरा कोंबला म्हणून बरं, नाहीतर हसू बाहेर गेलं असतं. चष्मेवाल्या बाई हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. नुसतं लिहिलं. मग पिशवीतून कापडी बाहुली काढून छोट्या सिस्टरला दिली. छोटीने बाहुली उलटी धरली. दुसरीने सुलटी धरली, पण बाळाला औषध पाजतात तशी. तिसरी म्हणाली माझी चहाची वेळ झाली.

"बाळ नीट लावायला तुम्हाला कुणी शिकवलं?" बाई पुढे प्रत्येक खाटेला विचारत गेल्या.

"सिस्टरने."

"कोणत्या?"

प्रत्येकीची नजर आधी मेट्रन बाईंकडे जायची, मग माझ्या दाराकडे, मग जमिनीकडे. बाईंनी दोनदा वळून दाराकडे पाहिलं. मी फटीपासून मागे सरकले.

आणि मग सातचं बाळ रडायला लागलं.

पहिल्यांदा सगळ्यांनी दुर्लक्ष केलं. नंतर ते रडणं असं चढलं की बोलणं थांबलं. सातची सासू उठून म्हणाली, "अहो, सकाळी साहेबांनी पावडर लिहून दिलीय ना? वजन उतरलंय म्हणाले. मग देत का नाही कुणी? पोर माझी उपाशी मारता काय?"

मोठे डॉक्टर घशात काहीतरी अडकल्यासारखं खोकले. मेट्रन बाई लगबगीने माझ्या खोलीकडे निघाल्या. आत येऊन दार लावलं.

"ऊठ. एक डबा हवाय."

"कशाला?"

"मागच्या दाराने नेते. आजी व्हरांड्यात चमच्याने पाजेल. कुणाला दिसणार नाही."

मी उठले नाही.

"बहिरी झालीस?"

"बाई, सातला दूध आहे. छाती दगड झालीय. फुगवलेल्या फुग्याला चावता येतं का? तसं झालंय त्या बाळाचं. थोडं हाताने काढून मऊ केलं की धरेल. पाच मिनिटं द्या."

"छोटी करेल."

"छोटीला येत नाही. आत्ताच बाहुली उलटी धरली तिने." मग माझ्या तोंडून गेलंच, "तुम्हाला येतं का?"

मेट्रन बाईंचा चेहरा उतरला. तीस वर्षांत कुणी विचारलं नसावं. ती दाराला टेकून उभी राहिली, एक गुडघा चोळत.

"साहेब बाहेर आहेत," ती हळूच म्हणाली. "तू बाहेर पडलीस की तुझं काम गेलं. एकोणीस वर्षं गेली. कळतंय का तुला?"

"कळतंय. पाच मिनिटांत बाळाने नाही धरलं तर मी स्वतः डबा आणून देते, बाळ उपाशी ठेवणार नाही. आणि संध्याकाळी गणवेश आणून देते."

"आणि धरलं तर?"

"तरी गणवेश मागणारच तुम्ही. पण बाळाचं पोट भरलेलं असेल."

ती दारातून बाजूला झाली. कुठला आदेश दिला नाही, परवानगीही नाही. नुसती बाजूला झाली. त्या दोन पावलांबद्दल मी तिला सगळं माफ केलंय.

मी वॉर्डात आले. वीस खाटा एकदम चिडीचूप. फक्त ते बाळ. मोठे डॉक्टर दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांच्या भुवया कपाळभर चढल्या. मी हात धुतले, साबणाने, कोपरापर्यंत, सगळ्यांसमोर. एक पंचा कोमट पाण्यात पिळला आणि सातपाशी गेले.

"पोरी, माझ्याकडे बघ. साहेबांकडे नको. पाठ टेक. आधी तू नीट बस, मग बाळाचं बघू. पाहुणा दारात आणि घरमालकीण ओणवी, असं चालत नाही."

ती रडता रडता हसली. पाठीला उशी दिली. पंचा छातीवर ठेवला. मग तिचाच हात धरून दाखवलं: अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून जरा मागे, आत दाबायचं आणि सोडायचं. ओढायचं नाही, घासायचं नाही. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा एक थेंब. पाचव्यांदा धार उडाली ती थेट सासूच्या चष्म्यावर.

"अगं बाई!" सासू म्हणाली.

"काय म्हणत होता, आजी? दूध नाही?"

चार मिनिटांत बोंडाभोवतीचा काळा भाग मऊ पडला. बाळाला उचललं, पोट आईच्या पोटाला, नाक बोंडासमोर. बाळाने तोंड किंचित उघडलं. सातने घाई केली, मी तिचा हात धरला. "थांब. जांभईएवढं उघडू दे. तू त्याच्याकडे वाकू नकोस, त्याला तुझ्याकडे आण." बाळाने ओठ चाटले. थांबलं. मग त्याने तोंड उघडलं, मोठ्ठं, रागावलेल्या माणसासारखं, आणि मी म्हटलं, "आता!"

आधी हनुवटी टेकली. मग ओठ. रडणं कापल्यासारखं बंद झालं.

मी खाली उकिडवी बसले. माझी जागा. तिथून पाहिलं. आधी भराभर चोखलं. मग थांबलं. मग एक लांब ओढ, आणि घशातून बारीक आवाज. घोट. पुन्हा ओढ. घोट. ओढ, घोट, ओढ, घोट.

"दुखत नाहीये," सात म्हणाली. तिचा तिलाच विश्वास बसत नव्हता. "मावशी, दुखत नाहीये!"

"हे काय चाललंय?" मोठे डॉक्टर येऊन उभे होते. "तुला कुणी बोलावलं इथं?"

"बाळाने," मी म्हटलं. उठले मात्र नाही.

माझ्या शेजारी काहीतरी हललं. पाहते तर चष्मेवाल्या बाई. कापडी पिशवी फरशीवर टेकवून त्या माझ्या खांद्याला खांदा लावून उकिडव्या बसल्या होत्या.

"कुठे बघायचं?" त्यांनी विचारलं.

"कानाखाली, बाई. जबडा हलतो तिथं. आणि ओठ बघा, बाहेर वळलाय. आता ऐका."

त्यांनी ऐकलं. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत ऐकलं. "इथून दिसतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मला, "तुम्ही कोण?"

"फरशी पुसते."

"ही आमची कर्मचारी नाही," मोठे डॉक्टर घाईने म्हणाले. "ठेकेदाराची सफाईवाली. परवानगी नसताना घुसलीय. आम्ही तिच्यावर कारवाई करू."

चष्मेवाल्या बाई तशाच बसून वर त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "साहेब, एक अडचण आहे. आईला प्रत्यक्ष मदत मिळते का, याचे सर्वांत जास्त गुण असतात. सकाळपासून मला ती मदत फक्त एकदा दिसली, आत्ता. ही बाई तुमची असेल तर मी ते लिहीन. तुमची नसेल तर शून्य लिहीन. कुणाची आहे ही?"

मोठ्या डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाईंच्या वहीकडे. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. एक गोष्ट मात्र सांगते, अडलेलं मूल जिवंत बाहेर काढावं तर त्यांनीच; तो हात मी पाहिलाय. पण या प्रश्नाला तो हात कामाचा नव्हता.

"मलाही हिनेच लावून दिलं," खाट चार म्हणाली.

"मला पण. परवा," खाट नऊ.

"आम्हाला सांगितलं होतं नाव घ्यायचं नाही म्हणून," खाट बारा. मग तेरा, मग सतरा. बाळंतिणीच त्या, आवाज क्षीण, पण एकामागून एक, सगळ्या खाटा.

आणि मागून, कपड्यांच्या खोलीच्या दारातून, मेट्रन बाई: "आमची आहे ती. एकोणीस वर्षं आमची आहे."

मोठ्या डॉक्टरांनी वळून तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर विरघळली असती. ती तशीच उभी राहिली.

चष्मेवाल्या बाईंनी लिहून घेतलं. मग मला विचारलं, "या वॉर्डात पावडरचे डबे आहेत?"

हो म्हटलं तर पाटी गेली, आणि ज्या बाईने आत्ता माझ्यासाठी तोंड उघडलं तिचीही धडगत नाही. नाही म्हटलं तर खाट अकरावरच्या माझ्या पोरीच्या तोंडावरही मी चिकटपट्टी लावली.

"बेचाळीस," मी म्हटलं. "सकाळपासून मी त्यांच्यावरच बसले होते."

चौपन्न गुण पडले. पाटी नाही. छोटी सिस्टर बाथरूममध्ये जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा निरोप आला: गणवेश घेऊन ये. नवऱ्याने रात्रीतून त्याचा उसवलेला काठ शिवून, इस्त्री करून दिला. "परत करायचा तर धड करावा," म्हणाला. "फाटका दिला तर म्हणतील, बाईच फाटकी होती."

गणवेशाची घडी हातात घेऊन मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्यांच्या पुढ्यात तपासणीचा अहवाल होता. मी घडी टेबलावर ठेवली. त्यांनी मला बसायला सांगितलं. खुर्चीवर. त्या खुर्चीखालची फरशी मी पाच-सहा हजार वेळा पुसली असेल. वरून ती खोली वेगळीच दिसते.

त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. आवाज चिंचेसारखा आंबट. "या रुग्णालयात बाळ छातीशी नीट लावून देता येणारी एकच व्यक्ती आढळली. बाकीच्यांनी तिच्याकडून शिकावं. सहा महिन्यांनी पुन्हा येऊ." मग कागद खाली ठेवून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडची पाटी उन्हात चमकत होती.

"शिकवशील?" त्यांनी विचारलं.

"शिकवीन. तीन अटी आहेत."

"अटी?"

"माझं नाव तुमच्या हजेरीपटावर हवं. ठेकेदाराच्या नको. दुसरं, डबे परत पाठवा. ज्या बाळाला खरंच आई नाही, किंवा आईला खरंच जमणार नाही, त्याच्यापुरते दोन औषधांच्या कपाटात कुलपात ठेवा. चाळीस जाऊ द्या."

"आणि तिसरी?"

"शिकताना सगळ्यांनी खाली बसायचं. सिस्टर, मेट्रन बाई, तुम्ही."

"खाली म्हणजे?"

"फरशीवर, साहेब. घाबरू नका, स्वच्छ असते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत, पण गणवेशाची घडी माझ्याकडे परत सरकवली.

मग सहा महिने मी त्या सगळ्यांना अक्षरशः खाली आणलं. पहिल्या दिवशी सिस्टर नाकं मुरडत बसल्या, जणू शेणात बसायला सांगितलंय. आठव्या दिवशी एकीने स्वतःहून खाटेच्या काठाशी कान लावला आणि ओरडली, "ऐकू आलं! घोट ऐकू आला!" जशी काय तिला लॉटरी लागली. छोटी सिस्टर सर्वांत पटकन शिकली. आता ती बाळंतिणींवर डाफरते ते माझ्याच आवाजात. तिला सगळ्या हवालदार म्हणतात. मेट्रन बाईंना गुडघ्यांमुळे बसता येईना, तर नवऱ्याने त्यांच्यासाठी वीतभर उंचीचं, जाड गादीचं बैठं स्टूल केलं. त्यावर बसून तिने पहिल्यांदा एक बाळ स्वतःच्या हाताने लावून दिलं आणि मग बाळाचं पोट भरेपर्यंत तिथून हलली नाही. ऑपरेशनच्या बाळंतिणींना शुद्धीवर येताच बाळ मिळू लागलं. घड्याळ खाली उतरलं. चिकटपट्टीसकट.

मोठे डॉक्टर? ते सर्वांत शेवटी बसले. पाचव्या महिन्यात. दार लावून घेऊन.

सहा महिन्यांनी चष्मेवाल्या बाई आल्या, या वेळी न सांगता. त्या दिवशी सातचं बाळ लसीसाठी आलेलं. मांडीवर मावत नव्हतं, हातापायाला वळ्या, आणि डब्यातला एक चमचाही पोटात गेलेला नाही. सासूने ते बाईंच्या हातात दिलं. "धरा. बघा वजन. सुनेला दूध नाही म्हणत होते!" जणू हे आजींनी स्वतः कधी म्हटलंच नव्हतं.

बाई वॉर्डाचं दार ढकलून आत आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. खाट अकरावर एक नवी पोर होती, जुळ्यांची आई, आणि दोघांतल्या एकाचं जमत नव्हतं. बाईंना खाटेभोवती उभं असं कुणी दिसेना. खाटेच्या एका बाजूला छोटी सिस्टर उकिडवी. दुसऱ्या बाजूला तिघी सिस्टर. पायथ्याशी स्टुलावर मेट्रन बाई. आणि उशाशी, पांढरा कोट फरशीला लागलेला, कान पुढे केलेले मोठे डॉक्टर; त्यांचा गुडघा कडकन वाजला तसं छोटीने दटावलं, "शूऽऽ, साहेब! ऐकू द्या!"

जांभईएवढं तोंड उघडलं. हनुवटी टेकली. कुणी श्वास घेईना.

घोट.

चष्मेवाल्या बाई उंबऱ्यातच उकिडव्या बसल्या, वही उघडली आणि वर, माझ्याकडे बघून हसल्या. त्या अख्ख्या वॉर्डात तेव्हा एकटी मी उभी होते.